पंक्तिप्रपंच आणि जिभेचा न्याय

पंक्तिप्रपंच हा शब्द आता जुन्या माणसांच्याच तोंडी उरला आहे, पण त्यामागची भावना अजून शाबूत आहे. एका पंगतीला बसलेल्यांच्या पानांत वाढणाऱ्याने भेद करू नये, एकाला तूप सढळ हाताने आणि दुसऱ्याला थेंबभर असे करू नये. जो करील त्याला दोष लागतो, असे आपल्या घरांनी मानले. अन्नासमोर सारे सारखे, ही या नियमातली नीती मोठीच आहे. त्याच नीतीने आई दोन मुलांना कारल्याची भाजी सारखी वाढते. एकाने ती मुकाट संपवली आणि दुसऱ्याने पान सरकवले, की दुसरा हट्टी ठरतो, लाडावलेला ठरतो. आपल्या हातून अन्याय झाला असे तिच्या मनातही येत नाही. भाजी तर एकाच कढईतली होती. पण या नियमाच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे, की दोन पानांत वाढलेली एकच वस्तू दोन तोंडांतही एकच राहते. ते गृहीत खरे नाही. आणि खरे नसेल, तर खाण्यावरून मुलांना चांगले-वाईट ठरवण्याचा आपला सगळा निवाडाच पुन्हा तपासायला हवा. हा प्रश्न जीवशास्त्राचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे: जे मनुष्याने निवडलेलेच नाही, त्याचा दोष त्याला लावता येतो का?

गृहीत खोटे असल्याचे उघडकीला आले ते अपघाताने. १९३१ साली अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फिनिलथायोकार्बामाइड नावाची पूड बाटलीत भरत होते. थोडी पूड हवेत उडाली आणि जवळच काम करणारे सहकारी नोलर यांनी तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स तर पुडीच्या अधिक जवळ होते आणि त्यांना काहीच लागत नव्हते. दोघांनी ती जिभेवर ठेवून पाहिली, तरी मतभेद मिटेना. मग फॉक्स यांनी इतर पुष्कळांना ती चाखायला दिली, तेव्हा माणसांचे दोन गट पडले: काहींना असह्य कडू, काहींना निव्वळ बेचव. पुढच्या काही वर्षांत कुटुंबेच्या कुटुंबे तपासून हा फरक आईवडिलांकडून मुलांकडे उतरतो हे सिद्ध झाले. १९३९ साली फिशर, फोर्ड आणि हक्सली यांनी चिंपांझींना हेच रसायन पाजून पाहिले, तर त्यांच्यातही कडू लागणारे आणि न लागणारे निघाले. या फरकामागचे जनुक सापडायला मात्र २००३ साल उजाडले. सातव्या गुणसूत्रावरचे टीएएस२आर३८ नावाचे हे जनुक जिभेवरच्या एका स्वादग्राही प्रथिनाची घडण ठरवते. त्यात तीन ठिकाणी बदल झाला की तीच वस्तू एकाला कडूजहर आणि दुसऱ्याला मिळमिळीत लागते. कडू ओळखण्यासाठी माणसाकडे अशी सुमारे २५ जनुके आहेत, तर गोड ओळखण्याचे मुख्य काम दोन जनुकांच्या एका जोडीवर चालते. वनस्पतींमधली पुष्कळशी विषे कडू असतात, म्हणून त्या दाराशी इतके पहारेकरी आहेत.

फॉक्स यांची पूड कोणाच्या ताटात येत नाही. पण तिच्यातली जी रासायनिक घडण या प्रथिनाला जागे करते, तिच्याशी जुळणारे पदार्थ कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळात आहेत. कारल्याचा आणि मेथीचा कडूपणा निराळा आहे; त्यांची सगळी हकिकत या एका जनुकाने सांगता येत नाही. एखादे जनुक म्हणजे आवडीनिवडीची किल्ली, असे सांगत सुटणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. या जनुकावरून मूल किती भाज्या खाईल हे पाहायला गेलेल्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. तरीही फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मुले आणि त्यांच्या आया यांना एकत्र तपासून जे दाखवले, ते प्रत्येक स्वयंपाकघराशी संबंधित आहे. या जनुकाचा संवेदनशील नमुना बाळगणाऱ्या मुलांना अधिक गोड पदार्थ आवडत होते. आणि ज्यांच्याकडे एक संवेदनशील आणि एक असंवेदनशील अशी प्रत आहे, त्यांच्यात मुलांना प्रौढांपेक्षा कडू अधिक जाणवत होते. म्हणजे भाजीचा घास स्वतः खाऊन ‘कुठे कडू आहे?’ म्हणणारी आई खोटे बोलत नसते, आणि ‘कडू आहे’ म्हणणारे मूलही खोटे बोलत नसते. एकच जनुकीय नमुना, एकच भाजी, आणि तरी वयाच्या अंतराने दोन वेगळ्या चवी. दुसऱ्याच्या जिभेवर बसून पाहण्याची सोय कोणालाच नाही. तिथे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे एवढाच मार्ग उरतो.

याहून मोठा पुरावा जुळ्या मुलांचा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ८ ते ११ वर्षांच्या ५,३९० जुळ्या जोड्यांच्या पालकांना मुले नवे पदार्थ खायला कितपत बिचकतात, हे विचारले गेले. एकाच गर्भबीजातून झालेली जुळी भावंडे या बाबतीत एकमेकांसारखी होती. वेगळ्या बीजांतून झालेली, पण त्याच घरात, त्याच टेबलाशी वाढलेली भावंडे तितकी सारखी नव्हती. हिशेब मांडल्यावर मुलामुलांमधल्या फरकापैकी ७८ टक्के फरक आनुवंशिक निघाला. या आकड्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. एका मुलाच्या बिचकण्यापैकी ७८ टक्के जनुकांमुळे आणि २२ टक्के आईमुळे, असा तो नाही. सारखे पाणी, सारखे खत मिळालेल्या एका वावरात ज्वारीची ताटे उंच-बुटकी निघाली, तर तो फरक बियाण्याचा म्हणावा लागतो. शेजारच्या कोरड्या वावरातली सगळी ताटे बुटकी असतील, तर दोन वावरांमधला फरक मात्र पाण्याचा. आनुवंशिकतेची टक्केवारी एका वावराच्या आतली असते, आणि सगळ्या वावराला पाणी दिले तर पीक किती वाढेल, याबद्दल ती काहीही सांगत नाही. हे ध्यानात ठेवूनही एक गोष्ट त्या अभ्यासातून ठामपणे निघते: साधारण सारख्या घरांत एक मूल नवा घास घेते आणि दुसरे तोंड मिटून बसते, याचे खापर ‘आईने लाडावून ठेवले’ या वाक्यावर फोडायला आधार नाही. कित्येक आयांनी हे वाक्य विनाकारण ऐकून घेतले आहे.

आता धर्माच्या बाजूने पाहू. आपल्याकडे जिभेला फार वरच्या दर्जाचा शत्रू मानले आहे. सगळी इंद्रिये जिंकली तरी रसना जिंकेपर्यंत काही जिंकले नाही, असा विचार पुराणांपासून कीर्तनांपर्यंत सर्वत्र आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात ज्याला जे अन्न प्रिय त्यावरून सात्त्विक, राजस, तामस असे भेद येतात, आणि त्यातून आवडीवरून माणसाचा पिंड ओळखण्याची सवय आपल्याला लागली. पण त्याच ग्रंथाचा तिसरा अध्याय दुर्लक्षून चालणार नाही. तिथे आधी म्हटले आहे की ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीप्रमाणे वागतो, नुसत्या निग्रहाने काय होणार. आणि लगेच पुढे म्हटले आहे की प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष ठरूनच बसलेले आहेत, माणसाने त्यांच्या ताब्यात जाऊ नये. हे दोन श्लोक शेजारी ठेवून वाचले की एक फार नेमका भेद हाती लागतो. आवड-नावड ही इंद्रियाची आधीपासूनची ठेवण आहे. तिच्यात पुण्य नाही, पापही नाही. ताब्यात जाणे किंवा न जाणे ही पुढची गोष्ट, आणि नीतीचा प्रश्न तिथे सुरू होतो. ज्याला कारले बेचव लागते त्याने ते खाल्ले, तर त्यात संयम कसला? आणि ज्याला ते घशाखाली उतरत नाही त्याने अर्धी फोड खाल्ली, तर त्याने पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक काही केले. पानात उरलेल्या भाजीवरून मुलांचे माप घेणाऱ्याला हा हिशेब दिसूच शकत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गांधीजींच्या बाजूने येतो. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना एकादश व्रतांवर जी साप्ताहिक पत्रे लिहिली, त्यांत अस्वादव्रताचा विचार विस्ताराने आहे. औषध जसे चवीचा विचार न करता प्रमाणात घेतो तसे अन्न घ्यावे, ही त्यांची मांडणी. आणि आईवडील खोट्या मायेपोटी मुलांना तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ देऊन त्यांच्या आवडी बिघडवतात, असा त्यांचा स्पष्ट आरोप आहे. तो अर्धा खरा आहे, आणि कोणता अर्धा हेही सांगता येते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या ब्रिटिश जुळ्यांच्या अभ्यासात भाज्या आणि फळे यांच्या आवडीतला निम्म्याहून अधिक फरक आनुवंशिक निघाला. पण खाऊचे चटकमटक पदार्थ, दुधाचे पदार्थ आणि पिष्टमय पदार्थ यांच्या बाबतीत निम्म्याहून अधिक फरक घराच्या वातावरणाचा होता. म्हणजे वेफर्सच्या पुड्यांची ओढ बव्हंशी घराने लावलेली आहे, आणि तिथे गांधीजींचा शब्द आईवडिलांनी मान खाली घालून ऐकावा. पालेभाजीबद्दलची तिडीक मात्र तितकीशी घराने लावलेली नाही. शिवाय अस्वाद हे व्रत आहे. व्रत म्हणजे जाणत्या माणसाने स्वतःहून स्वीकारलेले बंधन. चार वर्षांच्या मुलावर लादलेल्या बंधनाला तो शब्द लावणे हा व्रताचाच अपमान आहे. त्यात मुलाचा संयम घडत नाही, मोठ्यांची सत्ता तेवढी घडते.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा, आणि मला तो अधिक धोकादायक वाटतो. आवड जन्मजात असेल तर आता काही करायलाच नको. त्याच्या जनुकातच नाही, देऊ त्याला नूडल्स. पूर्वी जे प्रारब्धावर ढकलायचे ते आता जनुकांवर ढकलायचे, एवढाच यातला बदल. पण प्रकृती मानणाऱ्या आपल्या जुन्या वैद्यकानेही असा हात झटकलेला नाही. देहाची प्रकृती गर्भधारणेच्या वेळीच ठरते असे चरकसंहिता मानते, आणि तीच संहिता सात्म्य नावाची कल्पनाही मांडते: जे वारंवार सेवनाने अंगी लागते ते. अहितकर सवय सोडताना आणि हितकर सवय लावताना एकदम उडी न मारता पाव-पाव हिश्श्याने पुढे जावे, असा क्रम तिने सांगितला आहे. आजचे पुरावे या क्रमाच्याच बाजूचे आहेत. इंग्लंडमध्ये २००३ साली झालेल्या एका प्रयोगात २ ते ६ वर्षांच्या मुलांना नावडती एक भाजी घरीच रोज नुसती चाखायला दिली. १४ दिवसांनी ती भाजी त्यांना अधिक आवडू लागली होती आणि ती अधिक खाल्लीही जात होती. सुरुवात जन्माच्याही आधी होऊ शकते. मेनेला यांच्याच २००१ सालच्या अभ्यासात ज्या आयांनी गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस नियमाने घेतला, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीच्या पेजेला इतर बाळांपेक्षा कमी तोंडे वेडावली. आणि बळजबरीचे काय होते? २००६ साली लहान मुलांना सूप देऊन पाहिले: ‘संपव’ म्हणून मागे लागले तेव्हा मुले कमी प्यायली आणि सुपाला नावे ठेवू लागली, कोणी काही बोलले नाही तेव्हा अधिक प्यायली. जन्माने जे मिळाले त्याला संस्काराने वळण देता येते, पण दटावणी आणि संस्कार ही एकच गोष्ट नाही.

मग जुनी माणसे विचारतात, आमच्या वेळी असली थेरे नव्हती, जे वाढले ते खायचे. तेव्हा जनुके नव्हती का? होती. ज्यांना कडू अधिक लागत होते, त्यांनाही खावेच लागले. आपण फक्त रिकामी पाने मोजली, कोणाला किती सोसावे लागले ते मोजले नाही. पण या आक्षेपाचे याहून चांगले उत्तर त्यांच्याच स्वयंपाकघरात आहे. कारले चिरून मीठ लावून ठेवायचे आणि पिळून घ्यायचे, मग चिंच-गूळ घालायचा. मेथीत मूगडाळ किंवा बेसन पेरायचे, मुळ्याच्या कोशिंबिरीला दही लावायचे. मीठ कडूपणाला दाबते, हे स्वादशास्त्रज्ञांनी १९९७ साली मोजून दाखवले. आपल्या बायकांनी ते किती पिढ्या आधी हाताने जाणले होते. जर सगळ्या जिभा सारख्याच सोशिक असत्या, तर एवढा खटाटोप कोणी कशाला केला असता? पानाची डावी बाजू पाहा. चटणी, कोशिंबीर, लोणचे तिथे चिमूटभर असते. सगळे रस पानात यावेत, पण एकही अंगावर येऊ नये, असे ते माप आहे. आणि गुढीपाडवा. कडुलिंबाची कोवळी पाने नुसती चघळायला न देता गूळ, ओवा, चिंच, हिंग, भिजवलेली हरभऱ्याची डाळ यांच्यासह वाटून ती चमचाभर हातावर ठेवतात. मुलाला, म्हाताऱ्याला, सगळ्यांना, वर्षाच्या पहिल्या दिवशी. कडू लागते हे त्या विधीत कोणी नाकारत नाही. तोंड वाकडे केले तरी कोणी रागावत नाही. कडूची ओळख मुलाला करून देण्याची याहून शहाणी रीत मला माहीत नाही, आणि वर्षातून एका दिवसापुरती ती ठेवून उरलेले ३६४ दिवस आपण ओरडण्यावर का भागवावे, हे कळत नाही.

एक आक्षेप असा आहे की त्याच्यापुढे क्षणभर गप्पच व्हावे. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असे म्हणणाऱ्या या प्रदेशात आवडीनिवडीची चर्चा हे पोटभरल्यांचे दुखणे नाही का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी महाराष्ट्रात ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुंटलेल्या उंचीची आढळली. ही उंची कोणत्याही स्वादजनुकाने खुंटवलेली नाही. ते कोरडे वावर आहे, आणि तिथे बियाण्याची भाषा बोलणे म्हणजे पाण्याची जबाबदारी टाळणे. हे निर्विवाद म्हटले पाहिजे. पण यातून गरीब घरच्या मुलाला जीभ नसते असे ठरत नाही. अंगणवाडीत वाढलेला घास त्याने थुंकला तर ‘भूक नसेल’ म्हणून पुढे जाणाऱ्या हातालाही हे ज्ञान हवे, किंबहुना अधिक हवे. ज्याच्या वाट्याला दिवसातून एकदाच सकस अन्न येते, त्याचा एक नकार सधन घरातल्या दहा नकारांहून महाग पडतो. सधन घरातले मूल भाजी टाकून दूध पिते. गरीब घरच्या मुलाकडे दुसरे काही नसते.

तेव्हा पंक्तिप्रपंचाकडे परत येऊ. तो नियम मोडावा असे मी म्हणत नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळा पदार्थ रांधणे शक्य नाही आणि इष्टही नाही. एका पंगतीत एकच अन्न वाटून खाणे हे आपल्या धर्माचरणातले उत्तम ते आहे. त्या नियमामागची भावना मात्र अशी होती की वाढताना कोणाला कमी लेखले जाऊ नये. ज्या मुलाला भाजी दुप्पट कडू लागते, त्याला इतरांइतकीच वाढून इतरांइतकीच संपवायला लावणे आणि न जमल्यास सर्वांसमक्ष हिणवणे, हा आजचा पंक्तिप्रपंच आहे. मुलगा किंवा मुलगी ‘कडू लागतं’ म्हणाली, तर ती स्वतःच्या जिभेची साक्ष आहे. ती खरी माना. भाजी पानातून काढू नका, ढीगही वाढू नका. डाव्या बाजूला एक फोड ठेवा, तिच्याकडे बघत बसू नका, आणि ती तशीच राहिली तरी काही न बोलता उद्या पुन्हा ठेवा.